‘कम फ्रॉम अवे’ पाहिलं. आता मंडळाच्या ४० मिनिटांत काय बसवू?

सावली_मिसिसागा

मंडळी, सल्ला हवा आहे. थोडं लांबण लावते, सांभाळून घ्या.

‘कम फ्रॉम अवे’ हे संगीत नाटक मी टोरंटोत पाहिलं होतं. मागच्या आठवड्यात त्याचा चित्रित प्रयोग घरी लेकीबरोबर पुन्हा पाहिला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी: ११ सप्टेंबर २००१ला दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकेने आपलं आकाश बंद केलं, तेव्हा हवेत असलेली ३८ प्रवासी विमानं कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड बेटावर गँडर या गावी उतरवली. गावची वस्ती १०,०००च्या आसपास, आणि उतरलेले प्रवासी जवळजवळ ७,०००. काहींना तर विमानातच एक दिवसाहून जास्त बसून राहावं लागलं. कुठे आहोत, काय झालंय, काही माहीत नाही. पुढचे पाचएक दिवस गँडर आणि आसपासच्या गावांनी या लोकांना शाळांत, चर्चमध्ये, क्लबात आणि स्वतःच्या घरात ठेवून घेतलं.

आयरीन सँकॉफ आणि डेव्हिड हाइन हे जोडपं १० वर्षांनी, २०११ साली, तिथे जाऊन लोकांशी बोललं आणि त्या बोलण्यांतून हे नाटक उभं राहिलं. १२ नट, शंभरेक मिनिटं, मध्यंतर नाही. ब्रॉडवेवर मार्च २०१७ ते ऑक्टोबर २०२२ चाललं.

आता माझा प्रश्न. इथे टोरंटोजवळ आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मला ४० मिनिटं मिळाली आहेत. १४ माणसं, एक पेटी, एक ढोलकी, एक मुलगी व्हायोलिन वाजवते. मला नव्याने आलेल्यांना सामावून घेण्याबद्दलच काहीतरी बसवायचं आहे. कारण सांगते. गेल्या दोन-तीन वर्षांत इथे शिकायला आलेली आपली मुलं मंडळात येऊ लागली, आणि मागच्या बैठकीत एक वाक्य माझ्या कानावर पडलं, ‘ही मुलं फक्त जेवायला येतात.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. मी स्वतः २००४च्या जानेवारीत आले तेव्हा पहिले दोन महिने दर रविवारी एका घरी फक्त जेवायलाच जात होते.

सरळ ‘कम फ्रॉम अवे’चाच मराठी अवतार करू? की आपल्याकडची गोष्ट शोधू? असेल तर कोणती?

तिसरी_घंटा

पहिली गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढे पंचाईत नको. हक्क घेतल्याशिवाय भाषांतर करून बसवता येणार नाही, मग मंडळ असो वा शाळा. आणि ४० मिनिटांत कापून तर अजिबात नाही.

पण त्याची बांधणी शिकण्यासारखी आहे. रंगमंचावर खुर्च्या, टेबलं, मागे झाडांची खोडं. त्याच खुर्च्यांचं विमान होतं, त्याच खुर्च्यांची बस आणि त्याच खुर्च्यांचा गुत्ता. नट टोपी बदलतो की गावकऱ्याचा प्रवासी होतो. आपल्याला हे नवीन आहे का? तमाशात एक गिरकी घेतली की पुणं येतं, दुसरी घेतली की दिल्ली. दशावतारात बाकड्यावर बसला की राजा. म्हणजे तुमच्या १४ जणांत ५० माणसं उभी राहतील, नेपथ्याला पैसा लागणार नाही.

आणि तोच माणूस यजमान आणि तोच पाहुणा, हा त्या नाटकाचा खरा गाभा आहे असं मला वाटतं. टोपी काढली की तूच तो.

झणझणीत

गँडरमध्ये ७,००० लोकांत शाकाहारी किती होते आणि त्यांनी पाच दिवस काय खाल्लं, हे कोणी सांगेल का? माझी आई असती तर तिच्या पर्समधून मेतकूट निघालं असतं.

भटकी_वाट

@झणझणीत, कोशेर जेवणाचा (ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे केलेल्या) प्रसंग नाटकात आहे. आणि अन्न इतकं जमा झालं की आइस हॉकीचं मैदानच शीतगृह म्हणून वापरलं. बर्फावर ओळीने पातेली!

मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे शाळेच्या बसचालकांचा संप चालू होता आणि या कामासाठी ते संप बाजूला ठेवून बस चालवायला आले. आणि विमानांच्या पोटात कुत्री, मांजरं आणि चिंपांझीसारखी दोन बोनोबो होती, त्यांना खायला घालायला एक बाई आत शिरली. सात हजार माणसांच्या गडबडीत हे कोणाला तरी सुचलं, मला तिथे रडू फुटलं. माणसांच्या वेळी नाही फुटलं.

प्राजक्ता_सदाशिव

‘प्रार्थना’ हे गाणं आठवतंय का कोणाला? चर्चमधलं ख्रिस्ती स्तोत्र सुरू होतं, त्यात ज्यू प्रार्थना मिसळते, मग मुस्लिम, आणि त्यातच ‘असतो मा सद्गमय’. मी तयारीत नव्हते. आमच्या शाळेत रोज सकाळी रांगेत उभं राहून घोकलेलं ते, घामट गणवेशाच्या वासासकट आठवलं. कोणाचंही दुसऱ्यावर चढत नाही, चारही एकमेकांत विणलेले राहतात. सावली, तुमच्याकडे व्हायोलिन आहे, तर असं एक जागी आणता येईल.

कडवट_खरं

मला हे नाटक आवडलं नाही, आणि ते सांगतोच. पाच दिवसांचा पाहुणा कोणालाही गोड लागतो. सहाव्या दिवशी विमानं उडाली आणि सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. ते प्रवासी तिथेच राहिले असते, नोकऱ्या मागितल्या असत्या, त्यांच्या पोरांनी शाळेत जागा मागितल्या असत्या, तर हे नाटक कोणी लिहिलं असतं? स्थलांतर म्हणजे राहायला येणं. रात्र काढायला येणं वेगळं.

आपल्या मुंबईचंच घ्या. पुरात वाटेल त्याला घरात घेणारे लोक दुसऱ्या दिवशी ‘तू कुठला’ म्हणून विचारतात.

चाळकरी

कडवट, तुमच्या शेवटच्या वाक्यावर बोलायचा मला हक्क आहे, म्हणून लिहितो.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मी कलिन्याला कामाला होतो. संध्याकाळी सहाला निघालो, छातीपर्यंत पाणी. एका वस्तीतल्या बाईने हाताला धरून ओढून घेतलं, पोटमाळ्यावर आम्ही ११ जण, कोणी कोणाला ओळखत नाही. त्या घरात रॉकेलवर खिचडी शिजली आणि आधी आम्हाला वाढली. घरची माणसं उत्तर प्रदेशातली. पहाटे त्यांच्या म्हाताऱ्याने मला विचारलं, ‘आप कहाँ के?’ मी म्हटलं परळचा. तो म्हणाला, ‘परळ तो ठीक, उसके पहले?’ मग मला सांगावं लागलं की आजोबा संगमेश्वराहून गिरणीत आले, गाळ्यात २० जण पाळीपाळीने झोपायचे, आणि पोटाला खानावळवाल्या बाईचा आधार होता. तो हसला आणि म्हणाला, मग तुम्हीही आमच्यासारखेच.

मी तेव्हा २७ वर्षांचा होतो. त्याआधी मला कोणी तसं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

तर राहायला येणारे आणि रात्र काढायला येणारे हा फरक बरोबर आहे, पण त्या एका रात्रीतून काहीच उरत नाही, हे मला मान्य नाही.

मालवणी_मसालो

चाळकरीनू, अनुमोदन. आमच्या गावात मुंबईवाल्याक चाकरमानी म्हणतत आणि मुंबईत आमका कोकणी म्हणतत. दोन्हीकडे भायलेच. गणपतीक चार दिवस मात्र राजे!

अवांतर: त्या नाटकात पाहुण्यांका गावकरी करून घेताना कॉड माशाचो मुको घेवचो लागता. आमच्याकडे बांगडो चलात काय?

उत्तरवारा

मी सेंट जॉन्समध्ये शिकत होते, म्हणजे त्याच बेटावर, म्हणून थोडी भर.

‘कम फ्रॉम अवे’ हा तिथला रोजचा शब्दप्रयोग आहे. बेटावर न जन्मलेला तो ‘बाहेरून आलेला’. ३० वर्षं राहिलात तरी तो शब्द चिकटलेला राहतो. त्यात राग नसतो, पण रेघ असते. म्हणजे नाटकाच्या नावातच ती रेघ आहे.

त्या लोकांना जाणं म्हणजे काय हे चांगलं ठाऊक आहे. १९९२मध्ये सरकारने कॉडची मासेमारी बंद केली आणि ३०,०००च्या आसपास लोकांचं काम एका झटक्यात गेलं. शतकानुशतकं त्याच माशावर जगलेली गावं. तरुण पोरं पश्चिम कॅनडात अल्बर्टाच्या तेलाकडे गेली. माझ्या घरमालकीणबाईंची तिन्ही मुलं तिकडे. रविवारी त्या फोनजवळ बसायच्या, अगदी आपल्या गावाकडच्या आज्यांसारख्या. मला वाटतं, ज्यांच्या घरातली माणसं दूर गेली आहेत ते दुसऱ्याच्या घरातलं माणूस दारात आलं की पटकन दार उघडतात.

आणि गँडरबद्दल: १९३८ साली विमानतळ सुरू झाला. अटलांटिक ओलांडणारं जवळजवळ प्रत्येक विमान तिथे इंधनाला थांबायचं. पुढे लांब पल्ल्याची जेट आली आणि थांबायची गरज संपली. पण पूर्व युरोपातून आणि क्यूबातून येणारी विमानं नंतरही थांबत, आणि शीतयुद्धाच्या काळात त्यातून उतरलेल्या कित्येकांनी तिथेच आश्रय मागितला. अनोळखी माणसं धावपट्टीवरून चालत येणं त्या गावाला नवं नव्हतं.

एक गंमत: न्यूफाउंडलंडचं घड्याळही आपल्यासारखंच अर्ध्या तासाचं. हिवाळ्यात भारताशी बरोबर ९ तासांचा फरक. आईला फोन करताना हिशेब एकदम सोपा!

निळाई

कडवट, तुम्ही अलीचा धागा विसरलात. नाटक सगळंच गोड नाही. इजिप्तचा एक मुस्लिम प्रवासी, मोठा आचारी, स्वयंपाकघरात मदत करू का म्हणून विचारतो आणि त्याला टाळतात. इतर प्रवासीही त्याच्याकडे बघून कुजबुजतात. विमानात परत चढताना त्याची जी झडती होते तिथे प्रेक्षागृहात टाचणी पडली तर ऐकू आली असती. त्याच पाच दिवसांत, १५ सप्टेंबरला, ॲरिझोनात बलबीरसिंग सोधी यांना पगडीमुळे गोळी घातली गेली. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत होतो. माझा नवरा दाढी काढून कामावर गेला, कोणी सांगितलं नव्हतं तरी. ती वस्तऱ्याची खरखर मला अजून ऐकू येते.

कडवट_खरं

निळाईताई, हे मी विसरलो नव्हतो, पण तुम्ही सांगितलंत तसं मला दिसलं नव्हतं. अलीपुरतं माझं म्हणणं मागे घेतो. पाच दिवसांचा मुद्दा अजून उभा आहे.

तिसरी_घंटा

मग राहायला येणाऱ्यांचं संगीत नाट्य आपल्याकडे आहेच की. अण्णाभाऊ साठे वाटेगावाहून लहानपणी कुटुंबाबरोबर पायी मुंबईला आले. १९४४ला अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. ‘माझी मैना’ ही छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, काय आहे? गावाकडे बायको सोडून मुंबईत आलेल्या कामगाराचा विरह. त्याच गाण्यात पुढे अख्ख्या संयुक्त महाराष्ट्राची मागणी येते. ढोलकी आहे म्हणताय ना?

सावली_मिसिसागा

आहे, पण छक्कड म्हणणारा गळा कुठून आणू? आमच्याकडे भावगीतवाले चार आणि नाट्यसंगीतवाले दोन! तरी विचार मनात ठेवते. बाकी सगळ्यांचं वाचतेय. चाळकरीदादा, तुमची पोस्ट लेकीला वाचून दाखवली.

रंकाळा

सावलीताई, उशिरा आलो, पण तुमची गोष्ट माझ्या दारात आहे. वळीवडे.

१९४०मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेली. पुढच्या वर्षी त्यांना सोडायचं ठरलं तेव्हा बायका-मुलं इराणमार्गे वाट काढत निघाली. त्यातले काही भारतात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी काढली ती गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण सगळ्यात मोठी वस्ती आमच्या कोल्हापूरजवळ, वळीवड्याला. १९४३ ते १९४८, सुमारे ५,००० पोलिश लोक, बहुतेक बायका आणि पोरं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती, नाटकं आणि नाच बसवायचे. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, पोलंडहून म्हातारी झालेली ती मुलं अलीकडेपर्यंत येत होती.

माझी पणजी त्या छावणीत भाजी विकायला जायची. ती सांगायची, गोऱ्या बायका वांग्याला हात लावून बघायच्या, हे काय असतं म्हणून. एकीने तिला भाकरी थापून दाखवायला सांगितली आणि पिठात हात घालून दोघी हसत बसल्या. पणजीला त्यांच्या भाषेतला एकच शब्द येत होता, ‘दोब्रे’. चांगलं. आमच्या घरात अजून आमटी जमली की कोणीतरी ‘दोब्रे’ म्हणतं.

आता कडवटसाहेबांच्या मुद्द्याचं. पोलिश लोक पाच वर्षं राहिले आणि गेले. मग त्या बराकी रिकाम्या राहिल्या का? नाही. फाळणीनंतर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले. ते गेले नाहीत. तेच आजचं गांधीनगर. सगळा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला जातो तिथे. एकाच कौलाखाली दोन पाहुणे. एकांच्या नावाने आपण स्मारक उभं केलं आणि दुसऱ्यांकडून साड्या घेतल्या. नाटक तुम्हाला इथे मिळेल.

प्राजक्ता_सदाशिव

रंकाळा, अंगावर काटा आला.

कॅम्प_नंबर_तीन

हा धागा दोन दिवस नुसता वाचत होतो. रंकाळा यांची पोस्ट वाचून लिहावंसं वाटलं.

मी उल्हासनगरचा, सिंधी. आमच्याकडेही ब्रिटिशांच्या लष्करी छावणीच्या बराकी होत्या, त्यातच १९४७नंतर निर्वासितांना ठेवलं. शहराला नाव मिळालं, कारखाने आले, इमारती आल्या, तरी पत्ता आम्ही अजून ‘कॅम्प नंबर तीन’ असाच सांगतो. रिक्षावालाही तोच सांगतो. बाहेरच्यांना विचित्र वाटतं की ७५ वर्षांनी कोणी स्वतःच्या घराला कॅम्प कसं म्हणतं. मला कधी वाटलं नाही. कॅम्प म्हणजेच घर.

माझी दादी सिंधी बोलायची आणि अरबी वळणाच्या लिपीत लिहायची. वडील हिंदीत शिकले. मला मराठी शाळेत घातलं, कारण शाळा घराला लागून होती आणि बाई प्रेमळ होत्या. मी वक्तृत्व स्पर्धेत ज्ञानेश्वरांवर बोलून बक्षीस आणलं तेव्हा दादीला एक अक्षर कळलं नाही, पण तिने तो कप देवघरात ठेवला, झुलेलालच्या शेजारी. तरीही कॉलेजात पहिल्याच दिवशी मला विचारलं गेलं, ‘मराठी छान बोलतोस, मूळचा कुठला?’ विचारणारा चांगला मुलगा होता, आजही मित्र आहे. पण मूळ म्हणून सांगायला माझ्याकडे फक्त दादीचं सिंधमधलं लारकाना होतं, आणि ते मी पाहिलेलं नाही, पाहता येणारही नाही.

सावलीताई, गांधीनगरवर करणार असाल तर एक विनंती. आम्हाला फक्त ट्रंक घेऊन रडत उतरताना दाखवू नका. माझ्या दादीने कॅम्पात पहिल्याच महिन्यात पापड लाटून विकायला सुरुवात केली होती. लाटणं पोळपाटावर आपटायचा एक ठेका होता तिचा, लाटताना लाडा म्हणायची, म्हणजे आमची लग्नातली गाणी. हातात काम आणि तोंडात गाणं, अशी दाखवा.

सावली_मिसिसागा

हे वाचून मी थोडा वेळ काहीच केलं नाही. मग उठून पोळपाट काढला आणि आपटून बघितला.

ठरलं. वळीवडे आणि गांधीनगर. सुरुवात भाकरी थापण्याच्या आवाजाने, शेवटाकडे पापडाचं लाटणं, मधली सगळी ढोलकी त्या दोन आवाजांमधून निघेल. पोलिश बाई करणारी बाईच पुढे सिंधी बाई होईल. तिसरी घंटा म्हणाले तसं, एक ओढणी बदलायची. आणि भाजीवाली तीच राहील, वय वाढत जाईल.

कॅम्प नंबर तीन, लाडा कोणी शिकवेल का? तुमच्या घरी कोणाचं रेकॉर्डिंग आहे?

कॅम्प_नंबर_तीन

दादी नाही आता. आत्या म्हणते. उद्या रविवार आहे, तिच्याकडे जातो आणि फोनवर घेऊन पाठवतो. शब्द देवनागरीत लिहून देईन, उच्चार समजावून सांगेन. सिंधीत काही आवाज श्वास आत घेऊन काढतात, ते तुमच्या मंडळींना जमायला वेळ लागेल. जमेल.

कडवट_खरं

सावलीताई, मी टोरंटोच्या पूर्वेला दीड तासावर राहतो. छक्कड म्हणता येते, वडील कलापथकात होते. गळा पूर्वीसारखा नाही. भाजीवालीची गोष्ट सांगणारा शाहीर लागणार असेल तर सांगा.

आणि ती जेवायला येणारी मुलं, त्यांना घेणार आहात का यात?

सावली_मिसिसागा

लागणारच आहे! निघून या.

मुलांना फोन केला होता काल. पाचजण येतो म्हणाले. एकजण नांदेडचा आहे, त्याला ढोलकी येते आणि आमच्या ढोलकीवाल्या काकांचा हात दुखतो म्हणून ते खूश. एकीने विचारलं, ‘ताई, तालमीला येताना काय आणू?’ मी म्हटलं काही आणू नकोस, भूक घेऊन ये.

पहिली तालीम येत्या शनिवारी दुपारी तीनला, आमच्या तळघरात. भाकरीचं पीठ मी मळून ठेवते. पोळपाट मात्र माझ्याकडे एकच आहे, येताना प्रत्येकाने आपापला आणावा.

रंकाळा

दोब्रे.